चरूट मुळात कशासाठी होता?

एखाद्याला सर्व्हरवर शेल खातं (कमांड चालवता येणारं लॉगिन) द्यायचं, पण त्याने आपल्या डिरेक्टरीबाहेर डोकावू नये, असं म्हटलं की अ‍ॅडमिनच्या तोंडी पहिलं नाव येतं ते 'चेंज रूट'चं, म्हणजे चरूटचं. हा सिस्टिम कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे करायची मागणी) १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आहे. काम एवढंच, की प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, '/' (डिरेक्टरींच्या झाडाचं मूळ) कुठून सुरू होतं ते बदलायचं.

बीएसडीत, म्हणजे बर्कलीच्या युनिक्समध्ये, तो बिल जॉय यांनी १८ मार्च १९८२ रोजी घातला. तेव्हा त्या सोर्समध्ये एफटीपीसुद्धा (फायली देण्या-घेण्याची सेवा, जिच्यातून बाहेरचे लोक आत येतात) नव्हतं, ते जानेवारी १९८३मध्ये आलं. मग कोंडायचं कोणाला होतं? बीएसडीवर काम केलेले कर्क मॅककुसिक यांचा अंदाज असा, की ४.२ बीएसडी फक्त तिच्याच फायलींवर बिल्ड करता (सोर्सपासून तयार करता) यावी, म्हणून जॉय यांनी तो घेतला. मला हा अंदाज पटतो. बिल्ड करणारा माणूस पळून जाणार नसतो, त्यामुळे कुलपाचा विचार कोणी का करावा?

तरी एक धोका असतोच. साध्या युजरला चरूट करू दिलं, तर तो आपल्या डिरेक्टरीत खोटी पासवर्ड फाइल ठेवेल, 'सू'ची (पासवर्ड तपासून दुसरा युजर बनवणाऱ्या कमांडची) हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलचं दुसरं नाव, तिथे आणेल आणि क्षणात रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, होईल. म्हणून हा कॉल रूटपुरताच ठेवलेला आहे. उलट आत रूट असलेली प्रोसेस मात्र बाहेर निघू शकते: बाहेरची डिरेक्टरी उघडी धरायची, आत पुन्हा चरूट करायचं आणि '..'ने वर चढत जायचं.

१९९१मध्ये बेल लॅब्जमध्ये बिल चेसविक यांनी एका घुसखोरावर नजर ठेवण्यासाठी चरूटचाच तुरुंग उभा केला. खराखुरा 'जेल' आला तो मार्च २०००मध्ये, फ्रीबीएसडी ४.०सोबत. पॉल-हेनिंग काम्प यांच्या या रचनेत फायलींबरोबर प्रोसेस आणि आयपी पत्ताही बांधला गेला, आतल्या रूटचे हातही आखडले. माझ्या मते खरा बदल हाच.

दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन देणाऱ्या ओपनएसएसएचने २००८मध्ये 'चरूटडिरेक्टरी' हा पर्याय दिला, तोही कडक अटीवर: त्या वाटेवरची प्रत्येक डिरेक्टरी रूटच्या मालकीची हवी आणि इतर कोणाला तिच्यात लिहिता येता कामा नये. खोट्या पासवर्ड फायलीचीच ही जुनी धास्ती. म्हणून एसएफटीपी (एसएसएचवरून फायली पाठवणाऱ्या) युजरला आपल्याच '/'मध्ये फाइल टाकता येत नाही, त्याच्यासाठी आत वेगळं 'अपलोड' फोल्डर करावं लागतं.