प्वेदो, पोदेमोस आणि जोराची भानगड

स्पॅनिशमध्ये 'मी करू शकतो' म्हणजे प्वेदो आणि 'आम्ही करू शकतो' म्हणजे पोदेमोस, आता एकाच क्रियापदात हे 'प्वे' मध्येच कुठून उगवलं? क्लासमध्ये सांगतात अनियमित आहे, पाठ करा. पण खरं तर यात पाठ करण्यासारखं फारसं नाहीये, फक्त अक्षरं (म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, जसं पो-दे-मोसमधला 'मोस' हे एकच अक्षर) तोडायची आणि जोर कुठे पडतो ते बघायचं.

नियम सोपा आहे. शब्द स्वराने किंवा न्, स् ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या अक्षरावर, आणि हे जिथे मोडतं तिथे स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ. प्वे-दो, जोर 'प्वे'वर. पो-दे-मोस, जोर 'दे'वर. म्हणजे मूळ 'पो'वर जोर आला तरच त्याचा 'प्वे' होतो, जोर पुढे सरकला की परत साधा 'पो'. लॅटिनमधले ऱ्हस्व ए आणि ओ जोराखाली आले की स्पॅनिशमध्ये फुटून ये आणि वे झाले, त्याचाच हा परिणाम. प्येर्दो (मी हरवतो) पण पेर्देमोस (आम्ही हरवतो), तेच गणित. आपल्याकडे नाही का फूल पण फुलाला, जमीन पण जमिनीला, प्रत्यय लागला की स्वर आखडतो, आणि आपण त्याला अनियमित वगैरे म्हणत नाही.

याचा भारी पुरावा अर्जेंटिनात मिळतो. स्पेनमध्ये 'तू करू शकतोस'ला प्वेदेस म्हणतात, अर्जेंटिनात 'तू'साठी वोस वापरतात आणि त्याच्या रूपात जोर शेवटी जातो, म्हणून तिथे पोदेस. जोर हलला, 'वे' गायब!

तोडताना एकच सांभाळा, बोलणे या क्रियापदाचं आब्लो हे आ-ब्लो असं तुटतं, आब-लो नाही. पहिल्यावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटी दिला तर 'तो बोलला', त्यामुळे चुकलात तर माणूसही बदलतो आणि काळही.

आणि अक्षरं किती यावर खुद्द स्पॅनिश लोकांचंही एकमत नाही. 'तो हसला' म्हणजे र्यो, स्पेनमध्ये बरेच जण रि-यो असं दोन अक्षरांत म्हणतात, पण स्पॅनिशचे लेखननियम ठरवणाऱ्या अकादमीने 1999 मध्ये लिहिताना ते एकच अक्षर धरलं आणि रेघ ऐच्छिक केली, 2010 मध्ये तर काढूनच टाकली. 'मी हसतो' म्हणजे री-ओ, त्यावरची रेघ मात्र अजून आहे.