मोडी ही गुप्त लिपी नव्हती

जुन्या मोडी कागदपत्रांतलं पणजोबांचं नाव वाचता येत नाही म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘मोडी मुळात गुप्त लिपीच, शत्रूला कळू नये म्हणून काढलेली.’ तसं काही नाही. हिशेब, खरेदीखतं, महसुलाचे कागद सर्रास याच लिपीत लिहिले जात, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेतही शिकवत.

अवघड जाते ती वेगळ्याच कारणांनी. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली न थांबता अक्षरं लिहीत जाई. शब्द तोडायची पद्धतच नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा नसतो, तेव्हा वेलांटीवरून ‘हा आपला नव्हेच’ असं ठरवू नये. नाव कुठे संपलं हे बऱ्याचदा ‘बिन’वरून कळतं: आधी मुलगा, नंतर बाप.

नावावरच डोळे ताणून बसू नका. त्याच हातचा बाकीचा मजकूर घ्या. गावाचं, महिन्याचं नाव ओळखीचं असतं. त्यातली वळणं उतरवून घ्या, मग नावाकडे या. देवनागरी नक्कल मिळाली तरी (नक्कल करणाराही कधी कधी अंदाजच बांधतो) मूळ पान पाहाच.