जुन्या पिकअप गाडीच्या इंडिकेटरमधील बिघाड

दिवा अजिबात न लागणे, लागून न मिचकणे, वाजवीपेक्षा भरभर किंवा संथ मिचकणे आणि इंडिकेटर दिला की भलताच दिवा लागणे, असे इंडिकेटरच्या बिघाडाचे चार मुख्य प्रकार आहेत. टाटा २०७, महिंद्रा बोलेरो पिकअप यांसारख्या १२ व्होल्टच्या जुन्या गाड्यांत दिवे मिचकवण्याचे काम संगणकाकडे नसते. त्यामुळे टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर आणि हातभर वायर एवढ्यावर दोष सापडतो. गॅरेजमध्ये पहिला संशय फ्लॅशरवर, म्हणजे करंट जोडून-तोडून दिवा मिचकवणाऱ्या डबीवर, घेतला जातो. प्रत्यक्षात बिघाड बहुतेक वेळा मागच्या दिव्यांच्या होल्डरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट चेसिसमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत, असतो.

करंटचा मार्ग साधारण असा: बॅटरी, फ्यूज, इग्निशन, हॅझर्ड स्विच (दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम मिचकवणारा), फ्लॅशर, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटरची दांडी), वायरिंग, होल्डर, बल्ब आणि शेवटी चेसिसची अर्थ. एका बाजूला पुढे-मागे २१ वॅटचे दोन बल्ब आणि बहुधा फेंडरवर ५ वॅटचा एक, असे ४७ वॅट धरले तर सुमारे ४ अँपिअर करंट जातो; हॅझर्डला त्याच्या दुप्पट. मिचकण्याचा वेग मिनिटाला ६० ते १२० च्या दरम्यान असावा.

लक्षण नीट पाहिले की निम्मे काम होते. एकच बाजू भरभर मिचकत असेल, तर त्या बाजूचा २१ वॅटचा बल्ब गेला आहे किंवा त्याच्या जागी कोणीतरी १० वॅटचा बसवला आहे. तापून वाकणाऱ्या द्विधातू पट्टीच्या जुन्या फ्लॅशरमध्ये उलटे घडते: करंट कमी पडल्याने पट्टी पुरेशी तापत नाही आणि दिवा संथ मिचकतो किंवा नुसताच जळत राहतो. फेंडरचा ५ वॅटचा बल्ब गेला तर फ्लॅशरला बहुधा पत्ताही लागत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा. हॅझर्ड चालतो पण इंडिकेटर चालत नाही, तेव्हा बल्ब, होल्डर आणि अर्थिंग निर्दोष ठरतात. मग इंडिकेटरचा फ्यूज, हॅझर्ड स्विचमधला इग्निशनचा संपर्क आणि कॉम्बिनेशन स्विच एवढेच तपासायचे राहते. हॅझर्ड स्विच दहा-वीस वेळा दाबून सोडल्यावर इंडिकेटर सुरू झाला, तर त्याचे संपर्क काळे पडले आहेत असे समजावे.

इंडिकेटर दिला की टेल लॅम्प मंद मिचकतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर उजळतो, ही अर्थ तुटल्याची खूण. करंटला चेसिसकडे जायला वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो. खात्रीसाठी दिवा चालू ठेवून मल्टिमीटरची एक टोचणी होल्डरच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर धरावी. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब. बल्ब काढून ओहममध्ये मोजण्याचा उपयोग नाही: थंड फिलामेंटचा रोध जेमतेम एखादा ओहम असतो आणि नवखा माणूस त्याला शॉर्ट समजतो. शिवाय गंजलेला सांधा मीटरच्या नगण्य करंटला चांगला भासतो, ४ अँपिअरला मात्र उघडा पडतो.

मासळी वाहणाऱ्या गाड्यांत हा त्रास सर्वांत जास्त. हौद्यातल्या बर्फाचे खारे पाणी फाळक्याच्या फटीतून थेट टेल लॅम्पवर आणि त्याच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) गळते. वायरीचे इन्सुलेशन सोलून पाहिले तर आतले तांबे बोटभर आतपर्यंत काळे-हिरवे झालेले दिसते. अशी वायर घासून सोल्डर धरत नाही. उजळ तांबे लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडावा. अर्थसाठी चेसिसचा रंग खरवडून, रिंग टर्मिनल बोल्टने आवळून, वरून ग्रीस लावावे. दोन्ही टेल लॅम्पना स्वतंत्र अर्थ वायर दिली तर उत्तम.

फ्लॅशरची परीक्षा सोपी आहे. तो काढून सॉकेटमधील ४९ आणि ४९ए (काही गाड्यांत बी आणि एल) हे संपर्क वायरीच्या तुकड्याने जोडावेत आणि दांडी डावीकडे करावी. डावे दिवे सलग लागले तर पुढचा मार्ग ठीक, संशय फ्लॅशरवर. तरीही नवा फ्लॅशर घेण्याआधी तिसऱ्या पिनेची, म्हणजे ३१ची, अर्थ तपासावी. ती नसेल तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर नवा असूनही मिचकत नाही.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवू नये, वायरिंग जळते. ज्या बाजूचा इंडिकेटर दिल्यावर फ्यूज उडतो त्या बाजूचे बल्ब काढून दांडी तिकडे करावी, फ्लॅशरच्या जागी वरचीच वायर ठेवावी आणि फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडावा. तो पूर्ण उजळला तर शॉर्ट आहे. मग एकेक कपलर सोडत जावे. ज्याने तो विझेल त्याच्या पुढे दोष. बहुतेकदा वायर चेसिसच्या भोकात घासलेली किंवा फाळक्याखाली चेपलेली असते.

एलईडी बल्ब घातल्यावर वेग वाढतो, कारण फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखे वाटते. बाजारात ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर मिळतो. तो चटका बसेल इतका तापतो, म्हणून पत्र्यावरच बसवावा, प्लॅस्टिकजवळ नाही. त्यापेक्षा एलईडीसाठीचा फ्लॅशर घेणे शहाणपणाचे.

अमेरिकेतील जुन्या शेव्हरोले आणि फोर्ड पिकअपमध्ये रचना वेगळी. तिथे मागचा लाल दिवा एकाच फिलामेंटवर ब्रेक आणि इंडिकेटर दोन्हींचे काम करतो (११५७ क्रमांकाचा बल्ब) आणि ब्रेकचा करंटही इंडिकेटर स्विचमधूनच जातो. म्हणून एका बाजूचा इंडिकेटर चालतो पण ब्रेक दिवा लागत नाही, तेव्हा बल्ब बदलत न बसता स्टिअरिंग कॉलममधला स्विच उघडावा.

भारतात आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी असते आणि तीत इंडिकेटर पाहिले जातात.