स्विमसूट अंक आणि ज्यूल कॅम्पबेल यांचे संपादन

'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड' या अमेरिकन क्रीडानियतकालिकाचा (त्या काळी ते साप्ताहिक होते), पोहण्याच्या पोशाखातील मॉडेलांच्या छायाचित्रांना वाहिलेला वार्षिक अंक 'स्विमसूट अंक' या नावाने ओळखला जातो. तो सुरू करण्याची कल्पना व्यवस्थापकीय संपादक आंद्रे लागेर यांची. पण त्याला रूप, शिस्त आणि प्रतिष्ठा दिली ती फॅशन संपादक ज्यूल कॅम्पबेल यांनी. १९६५ पासून १९९६ पर्यंत हा विभाग सलग त्यांच्या हाती होता.

या उपक्रमामागे एक साधी व्यावहारिक अडचण होती. अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपल्यानंतर ऐन हिवाळ्यात काही आठवडे छापण्याजोग्या क्रीडावार्ता फारशा नसत, आणि ती पाने भरण्यासाठी लागेर यांनी उबदार किनाऱ्यांवरील छायाचित्रांचा मार्ग काढला. २० जानेवारी १९६४ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर मेक्सिकोतील कोझुमेल बेटावर टिपलेली बॅबेट मार्च ही मॉडेल होती. आतला मजकूर अवघा पाच पानांचा होता. पुढच्या वर्षी ही जबाबदारी कॅम्पबेल यांच्याकडे आली.

फॅशन मासिकांत त्या काळी कपड्याला महत्त्व असे आणि तो घालणारी मुलगी बहुधा निनावी राही. कॅम्पबेल यांनी छायाचित्रासोबत मॉडेलचे नाव छापण्यास सुरुवात केली. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी निर्णय मानावा लागेल. क्रीडासाप्ताहिकात खेळाडूच्या छायाचित्राखाली त्याचे नाव असणे वाचकाला स्वाभाविक वाटते. तोच न्याय मॉडेलला लागू होताच ती वाचकाच्या ओळखीची व्यक्ती झाली, आणि पुढे ज्यांना 'सुपरमॉडेल' म्हटले गेले त्या पिढीचा पाया येथे घातला गेला. १९७९, १९८० आणि १९८१ अशी सलग तीन वर्षे मुखपृष्ठावर आलेली क्रिस्टी ब्रिंकली, १९८६ ते १९८८ या काळात तोच मान मिळवणारी एल मॅकफर्सन आणि १९८९ च्या पंचविसाव्या वर्धापन अंकावरील कॅथी आयर्लंड यांची नावे घरोघरी पोचली ती याच अंकामुळे. मॉडेल निवडतानाही कॅम्पबेल यांचा कल प्रचलित कृश बांध्याऐवजी निरोगी, भरलेल्या अंगाच्या, उन्हापाण्यात वावरलेल्या वाटणाऱ्या मुलींकडे असे.

१९७८ च्या अंकाने मोठे वादळ उठवले. ब्राझीलमध्ये वॉल्टर आयूस यांनी टिपलेल्या एका छायाचित्रात चेरिल टीग्स जाळीदार पांढऱ्या स्विमसूटमध्ये होती आणि भिजलेल्या जाळीतून अंग दिसत होते. संतप्त वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला, अनेकांनी वर्गणी बंद केली. मात्र त्याच छायाचित्राने अंकाची ख्याती क्रीडावाचकांच्या वर्तुळाबाहेर नेली.

स्त्रीवादी टीकाकारांचा आक्षेप याहून मूलगामी होता. एरवी महिला खेळाडूंना तुरळक जागा देणारे साप्ताहिक वर्षातून एकदा स्त्रीला मुखपृष्ठावर आणते तेही तिच्या शरीरासाठी, हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे, आणि कॅम्पबेल यांच्या कौशल्याची नोंद घेतानाही ते बाजूला सारता येत नाही. १९७४ च्या मुखपृष्ठावरील अ‍ॅन सायमंटन हीच पुढे स्त्रीदेहाच्या अशा प्रदर्शनाविरुद्धच्या चळवळीत उतरली. हा व्यवसाय एका स्त्रीच्या संपादकीय दृष्टीवर उभा राहिला, ही बाबही या वादात विसरता येत नाही.

कॅम्पबेल यांचा अखेरचा अंक १९९६ चा. दक्षिण आफ्रिकेत चित्रित झालेल्या त्या अंकाच्या मुखपृष्ठावर व्हलेरिया मात्सा आणि टायरा बँक्स या दोघी एकत्र होत्या; १९९७ मध्ये टायरा बँक्स एकटी मुखपृष्ठावर आली आणि असा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय मॉडेल ठरली. कॅम्पबेल यांचे नोव्हेंबर २०२२ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले.