पाचातले एक मूल आणि हक्काचा कागद : इंग्लंडमधल्या विशेष शिक्षणाची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांसाठीची व्यवस्था पुन्हा एकदा बदलायचे घाटते आहे. मदत नेहमीच्याच शाळेत मिळावी, लवकर मिळावी, कागदपत्रांची वाट पाहावी लागू नये, असे सरकार म्हणते. ऐकायला यात वावगे काही नाही. तरीही पालक धास्तावले आहेत, आणि ती धास्ती कुठून आली हे कळायला बरेच मागे जावे लागते.

१९४४च्या शिक्षण कायद्यानंतर मुलांची अपंगत्वाच्या ठरावीक वर्गांत विभागणी होई. त्यातला एक वर्ग होता ‘शैक्षणिकदृष्ट्या अवसामान्य’. काही मुले तर ‘शिकवण्यापलीकडची’ ठरवून शिक्षण खात्याच्या कक्षेतूनच काढली जात आणि आरोग्य यंत्रणेकडे सोपवली जात. हा प्रकार १९७०च्या कायद्याने थांबवला आणि एप्रिल १९७१पासून प्रत्येक मूल शिक्षण खात्याची जबाबदारी झाले. त्याच वर्षी बर्नार्ड कोर्ड या मूळच्या ग्रेनेडातल्या शिक्षकाने एका पुस्तिकेत दाखवून दिले की, कॅरिबियन कुटुंबांतली मुले ‘अवसामान्य’ शाळांत प्रमाणाबाहेर धाडली जात आहेत. तपासणारे कोण आणि ते काय गृहीत धरून तपासतात, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

विशेष शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या, मेरी वॉर्नॉक यांच्या समितीचा अहवाल आला १९७८मध्ये. अपंगत्वाचे वर्ग मोडीत काढा आणि मुलाला कशाची गरज आहे ते पाहा, असे तिचे सांगणे होते. शालेय वयात कधी ना कधी पाचातल्या एका मुलाला विशेष मदत लागेल, हा अंदाजही तिचाच. त्यावर बेतलेल्या १९८१च्या कायद्याने ‘स्टेटमेंट’ आणले. मुलाच्या गरजा आणि स्थानिक परिषदेने, म्हणजे तिथल्या पालिकेने द्यायची मदत त्यात लिहिलेली असे, आणि ती देणे परिषदेवर बंधनकारक होते. मात्र या कायद्यासोबत नवा पैसा आला नाही. माझ्या मते पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ इथेच आहे.

शिवाय मुलाची गरज ठरवणारी आणि तिचा खर्च उचलणारी स्थानिक परिषद एकच. ही दोन कामे वेगळी करा, अशी शिफारस संसदेच्या शिक्षण समितीने २००६मध्ये केली होती, पण ती अमलात आली नाही. १९९४पासून परिषदेच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला पालकांना स्वतंत्र न्यायाधिकरणाचे दार उघडले. ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि कायद्याची भाषा होती, त्यांना त्याचा अर्थातच जास्त उपयोग झाला. २००५मध्ये खुद्द वॉर्नॉक यांनीच स्टेटमेंटच्या पद्धतीवर कडक टीका केली.

२०१४च्या कायद्याने स्टेटमेंटच्या जागी शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा एकत्रित आराखडा, म्हणजे ईएचसी प्लॅन आणला. वयोमर्यादा २५ वर्षांपर्यंत वाढली आणि अर्जापासून २० आठवड्यांत आराखडा देण्याचे बंधन आले. २०२४मध्ये निम्म्याहून कमी नवे आराखडे या मुदतीत निघाले. न्यायाधिकरणात निकालापर्यंत गेलेल्या बहुतांश प्रकरणांत पालकांची बाजू पूर्णतः किंवा अंशतः मान्य होते. म्हणजे परिषदेचा पहिला नकार अनेकदा टिकणारा नसतोच.

जानेवारी २०१५मध्ये स्टेटमेंट आणि आराखडे मिळून सुमारे २ लाख ४० हजार होते. जानेवारी २०२५मध्ये आराखड्यांची संख्या ६ लाख ३८ हजारांवर गेली. यावरून ‘मागण्या हाताबाहेर गेल्या’ असा सूर निघतो. पण शाळांतली आकडेवारी जरा नीट पाहावी. २०२५मध्ये सुमारे ५ टक्के विद्यार्थ्यांकडे आराखडा होता आणि सुमारे १४ टक्क्यांना आराखड्याविना शाळेच्या पातळीवर मदत मिळत होती. बेरीज जवळपास पाचातले एक मूल, वॉर्नॉक यांच्या अंदाजाइतकीच. निदानाचे प्रकार बदलले, ऑटिझमची नोंद वाढली, हे खरे. पण कायद्याच्या कागदाविना काही पदरात पडत नाही असे वाटणारे पालकही वाढले आहेत. शाळेच्या पातळीवरच्या मदतीत नेमके काय आणि किती मिळेल, याची तशी कायदेशीर हमी नसते.

आराखड्याच्या ‘सेक्शन एफ’मध्ये मदत नेमकी लिहिलेली असते, वाचा-उपचार आठवड्यातून किती वेळ इथपर्यंत. ती पुरवणे कायद्याच्या कलम ४२ने परिषदेवर बंधनकारक केले आहे. ‘सेक्शन आय’मध्ये शाळेचे नाव असते. नव्या व्यवस्थेत आराखडे मोजक्या मुलांपुरते ठेवायचे झाले, तर बाकीच्यांसाठी या दोन जागी काय येणार, हा पालकांचा मुख्य प्रश्न. शाळेने मनापासून केलेली मदत चांगलीच, पण मुख्याध्यापक बदलले किंवा सहायक शिक्षिका सोडून गेली की तीही आटते. उलट मदत खरोखर लवकर आणि वर्गातच मिळाली, तर दाद मागत बसण्यात जाणारी वर्षे वाचतील. ज्या मुलांचे पालक कधी भांडायला गेलेच नाहीत, त्यांचा फायदा सर्वात मोठा असेल.

पैशांची कोंडी वेगळीच आहे. विशेष शिक्षणाच्या खर्चातून साचलेली तूट परिषदांना तूर्त मुख्य हिशेबाबाहेर ठेवता येते. ही सवलत मार्च २०२८पर्यंत वाढवली आहे. नेहमीच्या शाळांत विशेष जागा तयार करण्यासाठी डिसेंबर २०२४मध्ये ७४ कोटी पौंड जाहीर झाले. जागा बांधता येतील, पण वाचा-उपचारतज्ज्ञ आणि शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ तयार व्हायला वर्षे लागतात, आणि त्यांची चणचण आजच आहे.