अमेरिकेत विमानाला एडीएस-बी बसवताना: नियम, कागदपत्रे आणि तपासणी अहवाल

रडारवरून विमानाची नवी जागा कळते ती अँटेनाची फेरी पुरी झाल्यावर, म्हणजे साधारण ५ ते १२ सेकंदांनी. एडीएस-बी या पद्धतीत विमान उपग्रहांच्या आधारे आपले स्थान स्वतःच ठरवते आणि उंची, वेग व ओळख यांच्यासह ते साधारण दर सेकंदाला प्रसारित करते. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, यासंबंधीचा नियम २०१० मध्ये जाहीर केला आणि तो १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक झाला.

नियम विमानाच्या प्रकारापेक्षा ते कुठे उडते यावर अधिक अवलंबून आहे. अ, ब आणि क (A, B, C) वर्गाच्या, म्हणजे खूप उंचावरच्या आणि गजबजलेल्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्रांत, मोठ्या विमानतळांभोवतीच्या ३० सागरी मैलांच्या वर्तुळात, आणि काही अपवाद सोडता १०,००० फुटांवरील इ (E) वर्गाच्या, म्हणजे उरलेल्या नियंत्रित क्षेत्रात हे प्रसारण लागते. मुळात विद्युत यंत्रणेविना प्रमाणित झालेली विमाने, फुगे आणि ग्लायडर यांना मर्यादित सूट आहे. १८,००० फुटांपासून वर जाणाऱ्या विमानाला १०९० मेगाहर्ट्झवरचेच उपकरण हवे. त्याखालीच उडणाऱ्याला ९७८ मेगाहर्ट्झचा पर्याय चालतो. मात्र देशाबाहेर जाण्याचा विचार असेल तर पहिलेच घेणे शहाणपणाचे, कारण ९७८ ची सोय प्रामुख्याने अमेरिकेपुरतीच आहे.

उपकरण आणि त्याला स्थान पुरवणारा जीपीएस ही जोडी मान्यताप्राप्त असावी लागते, म्हणून खरेदीपूर्वीच ही जोडी आपल्या विमानासाठी कोणत्या मंजुरीखाली बसवता येईल हे दुरुस्ती केंद्राकडून लेखी घ्यावे. काम झाल्यावर लॉगबुकमध्ये नोंद होते आणि लागू असेल तेथे उड्डाण पुस्तिकेची पुरवणी मिळते. काम मोठ्या बदलात मोडत असेल तर अशा बदलांच्या नोंदीचा एफएएचा फॉर्म ३३७ भरला जातो. त्याची एक प्रत मालकाकडे राहते आणि दुसरी, विमान पुन्हा सेवेसाठी मंजूर झाल्यापासून ४८ तासांच्या आत, ओक्लाहोमा सिटीतील नोंदणी शाखेकडे पाठवावी लागते. मालकाची प्रत हरवली तर पुढच्या विक्रीच्या वेळी तिची किंमत कळते.

खरी चूक बहुधा एका आकड्यात होते. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतंत्र संकेतांक असतो. तो एफएएच्या नोंदणी अभिलेखात मोड एस कोड म्हणून सापडतो आणि उपकरणात तंतोतंत तोच भरावा लागतो. त्या अभिलेखात तो अष्टमान (८ च्या पायावरचे) आणि षोडशमान (१६ च्या पायावरचे, आकडे व अक्षरे असलेले) अशा दोन्ही रूपांत दिलेला असतो, त्यामुळे आपले उपकरण कोणते रूप मागते हे पाहिल्याशिवाय आकडे उतरवू नयेत. शेपटीवरचा नोंदणी क्रमांक बदलला की हा संकेतांकही बदलतो. जुने विमान घेऊन हौसेने नवा क्रमांक लावणाऱ्यांच्या लक्षात हे सहसा उशिरा येते.

त्यामुळे बसवणी नीट झाली की नाही हे मेकॅनिकच्या सहीवरून नव्हे, तर कामगिरी अहवालावरून ठरवावे. नियम लागू असलेल्या क्षेत्रात उड्डाण करून एफएएच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक, उड्डाणाची तारीख, उपकरणाचा तपशील आणि ईमेल पत्ता भरला की हा अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात स्थानाची अचूकता, संकेतांक आणि उंची यांची छाननी असते आणि मर्यादेबाहेरच्या बाबी लाल रंगात दिसतात. लाल खूण दिसली तर अहवालाची प्रत घेऊन ज्या केंद्राने काम केले त्याच्याकडेच परत जावे, दुरुस्तीनंतर पुन्हा उड्डाण करावे आणि नवा अहवाल जुन्या कागदांसोबत ठेवावा.

उपकरण नसलेल्या विमानाला एखाद्या वेळी नियमाच्या क्षेत्रातून जायचेच असेल, तर एफएएच्या अडॅप्ट या ऑनलाइन सोयीवर उड्डाणाच्या जास्तीत जास्त २४ तास आणि किमान १ तास आधी परवानगी मागता येते. ती मिळेलच असे नाही, विशेषतः गर्दीच्या विमानतळांभोवती. उपकरण बसवलेल्या विमानाने मात्र ते चालू ठेवलेच पाहिजे, मग ते कोणत्याही क्षेत्रात असो. बंद ठेवण्यासाठी वेगळी परवानगी लागते.