दोन दातांचा हिशेब

"काका, वळणातून बाहेर पडताना गाडी ओढतच नाही. दुसऱ्या गिअरात ठेवली तर किंचाळते, तिसऱ्यात टाकली तर मरगळते. मागचं स्प्रॉकेट मोठं टाकू का?"

ओळखीतल्या एका पोराचा हा प्रश्न. गाडी 250 सीसीची, मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत पळवायची. स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक: पुढच्याला, इंजिनाकडच्याला, 13 दात, मागच्या चाकावरच्याला 50, चेन 108 कड्यांची. मागे 52 टाकायचं त्याच्या मनात होतं. "टाक" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्या दोन दातांनी चेनची लांबी, एक्सलची (मागच्या चाकाच्या आसाची) जागा आणि गाडीचं वळणंसुद्धा बदलतं, म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी ओढ. 50 भागिले 13 म्हणजे 3.85. पुढचं स्प्रॉकेट 3.85 वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. मागे 52 लावलं की हा आकडा बरोब्बर 4 होतो. चाकाला मिळणारा जोर 4 टक्क्यांनी वाढतो, आणि इंजिन तेवढंच फिरत असताना जिथे गाडी 50 च्या वेगाने जायची तिथे ती 48 ने जाते. इंजिनाची ताकद आहे तेवढीच राहते. पहार लांबून धरली की दगड हलका वाटतो, पण हात जास्त खाली न्यावा लागतो, हिशेब तोच. वळणावर दुसरा आणि तिसरा गिअर यांच्या मधोमध अडकणाऱ्या गाडीला ही 4 टक्के पुरतात, कारण तिसरा गिअर आता थोडा लवकर जोर धरतो.

"मग पुढचंच 12 चं टाकतो, स्वस्तात होईल," तो म्हणाला. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे चार दात वाढवण्यासारखं आहे: 50 भागिले 12 म्हणजे 4.17, जणू मागे 54 बसवलं. त्याच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. चेनची प्रत्येक कडी पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना वाकते आणि उतरताना सरळ होते. 13 दातांवर ती सुमारे 28 अंशांतून वाकते, 12 वर 30. प्रत्येक वेळी कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासतात. त्यात लहान स्प्रॉकेटची त्रिज्या कमी, म्हणून इंजिनाचा तोच पीळ (टॉर्क) चेनला 8 टक्के जास्त ताणतो. शिवाय स्प्रॉकेट पूर्ण गोल नसतं, तो बहुकोन असतो. त्यामुळे पुढचं स्प्रॉकेट एकसारखं फिरत असलं तरी चेनचा वेग दर दाताला किंचित कमी-जास्त होतो. 50 दातांवर हा फरक 0.2 टक्के, 13 वर जवळपास 3 आणि 12 वर साडेतीन.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 108 ला 12 ने पूर्ण भाग जातो, म्हणून 12 दातांच्या स्प्रॉकेटवर प्रत्येक दाताच्या वाट्याला कायम त्याच 9 कड्या येतात. एखादी कडी आखडलेली असेल तर ती ठरावीक दातालाच खात राहते. 13 ने 108 ला भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक दात फिरत-फिरत सगळ्या 108 कड्यांना भेटतो आणि झीज वाटली जाते. त्याचं जुनं पुढचं स्प्रॉकेट हातात घेऊन पाहिलं: दात एकाच बाजूने खाल्लेले, टोकं लाटेसारखी वळलेली, पण तेराही दात एकसारखे झिजलेले.

आता चेन. त्याची चेन 520 नंबरची. पहिला 5 म्हणजे दोन पिनांमधलं अंतर इंचाचे पाच अष्टमांश, 15.875 मिमी. पुढचे 20 म्हणजे आतली रुंदी इंचाचे दोन अष्टमांश, 6.35 मिमी. पिन, बुश आणि त्यावर फिरणारा रोलर ही रचना हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरला 1880 मध्ये केली, आणि आजही ती मुळात तशीच आहे. आतली कडी, बाहेरची कडी अशी पाळी असल्यामुळे कड्या नेहमी सम संख्येतच येतात. 109 ची चेन करायची तर वाकडी अर्धी कडी घालावी लागते. डर्ट बाइकच्या धक्क्यांत तो कच्चा दुवा नको.

इथेच पेच आला. चेन मागच्या स्प्रॉकेटला साधारण अर्धा वेढा घालते, म्हणून एक दात वाढला की अर्धी कडी जास्त खर्च होते. दोन दातांना एक कडी, आणि वर थोडीशी. दोन्ही स्प्रॉकेटच्या केंद्रांमधलं अंतर 600 मिमी धरलं तर 13-50 ला 108 कड्या नेमक्या बसतात. 13-52 ला 109.1 हव्यात. म्हणजे एकतर 108 ठेवून एक्सल 9 मिमी पुढे घ्यायचा, नाहीतर 110 घालून 7 मिमी मागे. एक्सल पुढे आला की गाडी आखूड होते, वळणात पटकन शिरते. मागे गेला की लांब सरळ रस्त्यावर स्थिर राहते. त्याचा ट्रॅक आवळ वळणांचा. शिवाय चेन झिजून 1 टक्का लांबली तरी एक्सल 8-9 मिमी मागे न्यावा लागतो, तेवढी जागा पुढच्या दिवसांसाठी हाताशी राहते. म्हणून नवी चेनही 108 चीच. टायरचे गट्टे पुढे कुठे घासत नाहीत ना, एवढं बघून घेतलं.

सैलपणाबाबत मात्र रस्त्यावरच्या गाडीची सवय सोडावी लागते. पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, स्विंगआर्मचा पिव्होट (मागचं चाक धरणारा दांडा जिथे फ्रेमला खिळलेला असतो तो बिंदू) आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. स्टँडवर चाक लोंबकळत असताना पुढच्या स्प्रॉकेटच्या केंद्रापासून एक्सलपर्यंतचं अंतर समजा 4 मिमीने कमी असतं. मग खालच्या पदराला 8 मिमी जास्त चेन मिळते. 600 मिमीच्या पदरात ही 8 मिमी म्हणजे मधोमध दाबल्यावर जवळजवळ 49 मिमीची झोळ! म्हणून मोटोक्रॉसची चेन स्टँडवर ढिली दिसली तरी ती बरोबर असते. ती घट्ट केली की उडीनंतर उतरताना सगळा झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो.

शॉकचा (मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) बोल्ट काढून चाक हाताने वर उचललं, तिन्ही बिंदू एका रेषेत आणले आणि तिथेही बोटभर ढील आहे याची खात्री केली. मग शॉक परत लावून स्टँडवरचा झोळ मोजला आणि तो आकडा त्याने टाकीवर मार्करने लिहिला. पुढचं स्प्रॉकेटही नवं 13 चंच घातलं, कारण झिजलेले दात नव्या चेनलाही लवकर झिजवतात. शेवटी चेन लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी. त्याच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवायची, म्हणजे दगड आपटला तरी क्लिप निसटत नाही. ती त्याने स्वतः बसवली, पकडीने दाबली, आणि चाक दोनदा फिरवून परत पाहिली.